शब्दशंका : ‘फाइन’ म्हणजे उत्तम, बारीक की नुसतेच ठीक?

‘फाइन’ या एकाच इंग्रजी विशेषणाविषयी वाचकांचे अनेक प्रश्न जमले आहेत. ते एकमेकांना पूरक असल्यामुळे त्यांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : मी तयार केलेल्या एका अहवालावर वरिष्ठांनी ‘द रिपोर्ट इज फाइन’ असा शेरा लिहिला. शब्दकोशात ‘फाइन’चा पहिलाच अर्थ ‘उत्कृष्ट’ असा दिलेला असल्यामुळे मला फार आनंद झाला. पण माझ्या सहकारी म्हणाल्या की ही स्तुती नव्हे, ‘चालेल’ एवढाच त्याचा अर्थ आहे. आमच्यापैकी कोणाचे बरोबर?

उत्तर : आपल्या सहकारी बरोबर आहेत, आणि शब्दकोशही चुकलेला नाही. फरक आहे तो विशेषणाच्या जागेचा. मराठी व्याकरणात नामाच्या आधी येणाऱ्या विशेषणाला अधिविशेषण आणि नामानंतर, विधानाचा भाग म्हणून येणाऱ्या विशेषणाला विधिविशेषण म्हणतात. मराठीत ‘सुंदर फूल’ म्हटले काय आणि ‘फूल सुंदर आहे’ म्हटले काय, विशेषणाचा अर्थ सहसा तोच राहतो. ‘फाइन’चे तसे नाही. आपल्या वरिष्ठांनी ‘धिस इज अ फाइन रिपोर्ट’ असे लिहिले असते, तर ती मनापासून केलेली प्रशंसा ठरली असती. ‘द रिपोर्ट इज फाइन’ यात मात्र अहवालात दुरुस्तीजोगे काही नाही, तो पुढे पाठवायला हरकत नाही, एवढेच सांगितले आहे.

माणसांविषयी बोलताना हा फरक अधिकच ठळक होतो. ‘शी इज अ फाइन डॉक्टर’ हे त्या डॉक्टरच्या कौशल्याविषयीचे विधान आहे. ‘द डॉक्टर इज फाइन’ हे तिच्या प्रकृतीविषयीचे आहे, आणि ते बहुधा अपघात, आजारपण किंवा अन्य काळजीचे काही घडून गेल्यावर केले जाते. पहिल्या वाक्यातील डॉक्टर अंथरुणाला खिळलेली असू शकते आणि दुसऱ्या वाक्यातील डॉक्टर आपल्या कामात अगदी सुमार असू शकते. तरीही दोन्ही वाक्ये खरीच राहतील.

हा ‘ठीक’ अर्थाचा ‘फाइन’ कमीअधिक प्रमाण दाखवत नाही, उंबरठा दाखवतो. अपेक्षेची एक किमान पातळी गाठली गेली की नाही, एवढेच तो सांगतो. म्हणूनच ‘हाऊ आर यू?’ या प्रश्नाला ‘आय ॲम व्हेरी फाइन’ असे जे उत्तर पुष्कळदा ऐकू येते, ते इंग्रजी मातृभाषा असलेल्याच्या कानाला खटकते. आपणही मराठीत ‘मी बरा आहे’, ‘मी ठीक आहे’ असे म्हणतो, पण ‘मी खूप ठीक आहे’ असे म्हणत नाही. कारण ठीक असण्याला पायऱ्या नसतात. ‘जस्ट फाइन’, ‘परफेक्टली फाइन’, ‘ॲब्सोल्यूटली फाइन’ हे प्रयोग चालतात, कारण त्यांतील क्रियाविशेषणे प्रमाण वाढवत नाहीत, तर ‘अगदी ठीक, शंका नको’ अशी खात्री देतात. याउलट बारीक किंवा उत्तम या अर्थांना पायऱ्या असतात. त्यामुळे ‘अ व्हेरी फाइन पावडर’ आणि ‘अ व्हेरी फाइन पियानिस्ट’ हे दोन्ही प्रयोग निर्दोष आहेत.

प्रकृतीच्या अर्थाने हा शब्द होकारार्थी विधानातच रुळलेला आहे. समोरच्या माणसाला धक्का लागला तर इंग्रजीत ‘आर यू ऑल राइट?’ असे विचारतात. ‘आर यू फाइन?’ हा प्रश्न व्याकरणाला धरून असला, तरी तो क्वचितच विचारला जातो. नकाराचेही तसेच आहे. तब्येत बरी नसेल तर ‘आय ॲम नॉट वेल’ म्हणतात. ‘आय ॲम नॉट फाइन’ हे वाक्य प्रामुख्याने तेव्हा येते, जेव्हा कोणीतरी आधी ‘यू आर फाइन’ असे गृहीत धरलेले असते आणि ते खोडून काढायचे असते.

याच अर्थाचा एक उपयोग पाठ्यपुस्तकांत फारसा सापडत नाही, पण व्यवहारात त्यावाचून अडते. ‘आणखी कॉफी हवी का?’ या अर्थाच्या इंग्रजी प्रश्नाला ‘आय ॲम फाइन’ किंवा ‘आय ॲम फाइन, थँक्स’ असे उत्तर आले, तर तो सौम्य नकार असतो. आहे तेवढ्यात माझे भागले आहे, असे त्यातून सुचवायचे असते. ते ऐकून पेला पुन्हा भरणारा यजमान त्या पाहुण्याला संकोचात टाकतो. उलट क्षमायाचनेला ‘इट्स फाइन’ असे उत्तर आले, तर ‘मनावर घेऊ नका’ असा अर्थ होतो. आणि ‘फाइन बाय मी’, ‘फाइन विथ मी’ म्हणजे ‘माझी हरकत नाही’.

इतके असूनही केवळ ‘फाइन’ हा एकच शब्द, पुढे पूर्णविराम आणि आणखी काही नाही, असे उत्तर लेखी संदेशात आले तर मात्र थोडे थांबावे. बोलताना स्वरावरून जे कळते ते लेखनात कळत नाही, आणि अशा तुटक ‘फाइन’मध्ये बऱ्याचदा ‘तुला हवे तेच कर’ असा रुसवा दडलेला असतो. आपल्याकडे ‘बरं!’ हा शब्द ओठ आवळून उच्चारला की जे होते, तेच तिथे होते. आपल्या वरिष्ठांच्या शेऱ्यात असे काही शोधण्याचे कारण नाही. कार्यालयीन इंग्रजीत ‘इज फाइन’ हा मंजुरीचा नेहमीचा, निर्विकार शब्दप्रयोग आहे.

प्रश्न : मी तांत्रिक मजकुराची मराठी भाषांतरे करते. ‘फाइन पावडर’, ‘फाइन गोल्ड’, ‘फाइन ॲग्रिगेट’, ‘फाइन ॲडजस्टमेंट’, ‘फाइन प्रिंट’ या प्रत्येक ठिकाणी मला निराळा मराठी शब्द योजावा लागतो. या शब्दाचा मूळ अर्थ कोणता, आणि एकाच शब्दाला उत्तम, शुद्ध, बारीक असे इतके अर्थ कसे चिकटले?

उत्तर : या शब्दाचे मूळ लॅटिन ‘फीनिस’ या नामात आहे. सीमा आणि शेवट हे त्याचे अर्थ. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये जे विशेषण तयार झाले, त्याचा अर्थ ‘शेवटास नेलेले’, म्हणजेच ज्यात आता काही करायचे उरले नाही असे, परिपूर्ण, सर्वोच्च दर्जाचे. तेराव्या शतकात ते इंग्रजीत आले. शेवट आणि उत्कृष्टता यांची ही सांगड मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये. आपला ‘कमाल’ हा अरबी मूळ असलेला शब्द पूर्णत्व या अर्थापासूनच निघाला आहे. ‘कमाल मर्यादा’ यात तो टोक दाखवतो आणि ‘कमाल केलीस!’ यात कौतुक. पराकाष्ठेचेही असेच आहे.

आता ‘शेवटास नेलेले’ हा अर्थ मनात ठेवून निरनिराळे पदार्थ डोळ्यांसमोर आणावेत. धातू शेवटपर्यंत शुद्ध केला की त्यातील हीण जाते, म्हणून ‘फाइन गोल्ड’ म्हणजे शुद्ध सोने. धान्य शेवटपर्यंत दळले की पीठ बारीक होते, म्हणून ‘फाइन’ म्हणजे बारीक. सूत शेवटपर्यंत कातले की ते तलम निघते आणि पाते शेवटपर्यंत घासले की त्याची धार सूक्ष्म होते. एकच गुण पदार्थापदार्थानुसार शुद्धता, बारीकपणा, तलमपणा आणि तीक्ष्णता अशी रूपे घेतो. पुढे या रूपांपैकी बारीकपणाने स्वतंत्र संसार थाटला आणि त्याला उत्तमपणाशी नाते ठेवण्याची गरज उरली नाही. हवेतील ज्या कणांचा व्यास २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो, त्यांना इंग्रजीत ‘फाइन पार्टिकल्स’ म्हणतात आणि ०.१ मायक्रोमीटरहून लहान कणांना ‘अल्ट्राफाइन’. हे कण फुप्फुसांत खोलवर जातात, हाच त्यांचा दोष; त्यांच्या नावातील ‘फाइन’मध्ये कौतुकाचा अंशही नाही.

म्हणून भाषांतर करताना मी तरी एक कसोटी वापरतो : त्या ठिकाणी ‘फाइन’चा विरुद्धार्थी शब्द कोणता येईल, हे आधी ठरवायचे. विरुद्धार्थी शब्द ‘भरड’ किंवा ‘जाडसर’ असेल, तर मराठीत ‘बारीक’ हा शब्द पुरेसा आहे. ‘फाइन ॲग्रिगेट’ म्हणजे काँक्रीटमधील बारीक खडी, अर्थात प्रामुख्याने वाळू. तिची सीमा अनेक प्रमाणांमध्ये ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीने ठरते, आणि त्या चाळणीवर उरणारा भाग ‘कोर्स’, म्हणजे जाड. मृदाशास्त्रात तर ‘फाइन्स’ असे अनेकवचनी नामच तयार झाले आहे. गाळ आणि चिकणमाती यांचे जे कण ठरावीक बारीक चाळणीतून खाली पडतात, ते ‘फाइन्स’. इथे ‘सूक्ष्मकण’ हा शब्द ठीक आहे, पण ‘बारीक माल’ म्हटले तर कामावरच्या माणसाला अधिक लवकर कळेल.

विरुद्धार्थी शब्द ‘हीणकस’ किंवा ‘मिश्र’ असेल, तर ‘शुद्ध’ हवा, आणि इथे भाषांतरकाराने विशेष जपून राहावे. सोन्याची शुद्धता हजारातील भागांत मोजतात आणि तिला इंग्रजीत ‘फाइननेस’ म्हणतात. २२ कॅरट सोन्याची शुद्धता सुमारे ९१६, स्टर्लिंग चांदीची ९२५, तर ‘फाइन सिल्व्हर’ म्हटल्या जाणाऱ्या चांदीची ९९९ असते. लंडनच्या घाऊक बाजारात मान्य असलेल्या सोन्याच्या विटेची शुद्धता किमान ९९५ असावी लागते आणि तिच्यात ३५० ते ४३० ‘फाइन ट्रॉय औंस’ सोने असावे लागते (ट्रॉय औंस हे मौल्यवान धातू तोलण्याचे एकक). त्यातील ‘फाइन औंस’ हा औंसाचा निराळा प्रकार नव्हे. विटेच्या एकूण वजनातून हीण वजा करून उरणारे शुद्ध सोन्याचे वजन, असा त्याचा अर्थ. म्हणजे ४०० औंस वजनाच्या आणि ९९५ शुद्धतेच्या विटेत ३९८ फाइन औंस सोने भरेल. याचे भाषांतर ‘बारीक औंस’ किंवा ‘उत्तम औंस’ असे झाले, तर हिशेबच कोसळेल. ‘फाइन गोल्ड वायर’ या शब्दसमूहात तर तार बारीक आहे की सोने शुद्ध आहे, हे नुसत्या शब्दांवरून ठरत नाही. मूळ लेखकाला विचारावे किंवा सोबतचे आकडे पाहावेत.

विरुद्धार्थी शब्द ‘ढोबळ’ असेल, तर ‘सूक्ष्म’ योजावा. ‘फाइन ॲडजस्टमेंट’ म्हणजे सूक्ष्म जुळवणी. सूक्ष्मदर्शकाला दोन फिरक्या असतात, त्यांतील मोठी ढोबळ जुळवणीची आणि लहान सूक्ष्म जुळवणीची. ‘फाइन ट्यूनिंग’ हा शब्द रेडिओपासून संगणकीय भाषाप्रारूपांपर्यंत (लँग्वेज मॉडेल्सपर्यंत) फिरत आला आहे. आधीच तयार झालेल्या प्रारूपाला विशिष्ट कामासाठी पुन्हा थोडे शिकवणे, असा त्याचा आजचा अर्थ असला, तरी ढोबळ काम आधी उरकलेले आहे ही मूळ कल्पना त्यातही टिकून आहे. भौतिकशास्त्रातील ‘फाइन स्ट्रक्चर’ही याच घरातील. साध्या उपकरणातून एकच दिसणारी वर्णपटरेषा अधिक बारकाईने पाहता अगदी जवळजवळच्या अनेक रेषांची बनलेली आढळते, तिला हे नाव मिळाले. आणि १९१६ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी तिचे स्पष्टीकरण देताना जो स्थिरांक मांडला, त्याचे मूल्य सुमारे १/१३७ आहे. मराठी विज्ञानलेखनात त्याला ‘सूक्ष्मरचना स्थिरांक’ म्हणणे योग्यच आहे.

‘फाइन प्रिंट’चे भाषांतर मात्र केवळ ‘बारीक छपाई’ असे करून भागत नाही. अक्षरांचा आकार हा त्याचा शब्दार्थ झाला. करारातील ज्या अटी ग्राहकाने वाचू नयेत अशा बेताने लहान छापल्या जातात, त्या अटी हा त्याचा खरा अर्थ. संदर्भानुसार ‘बारीक अक्षरातील अटी’ असे पूर्ण लिहावे.

‘फाइन आर्ट्स’ हा तर स्वतंत्र प्रांत आहे. अठराव्या शतकात फ्रेंच भाषेत ‘बोझार’, म्हणजे ‘सुंदर कला’, ही संज्ञा प्रचलित झाली. शार्ल बात्यो या लेखकाने १७४६ च्या आपल्या ग्रंथात संगीत, काव्य, चित्र, शिल्प आणि नृत्य यांना उपयोगाच्या कलांपासून वेगळे काढून त्या नावाखाली एकत्र आणले. इंग्रजीने त्या ‘सुंदर’साठी ‘फाइन’ योजला. इथे विरुद्धार्थी शब्द ‘उपयोगाच्या’ असा आहे. मराठीतील ‘ललित कला’ हा पर्याय त्याला अगदी चपखल बसला आहे.

आणखी एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. ‘फाइन वेदर’ किंवा ‘अ फाइन डे’ म्हणजे आभाळ निरभ्र आणि पाऊस नाही असा दिवस. पण ‘अ फाइन रेन’ म्हणजे अगदी बारीक थेंबांचा, भुरभुरणारा पाऊस. एकीकडे तोच शब्द पावसाचा अभाव सांगतो आणि दुसरीकडे पावसाची जात. हवामानाचा मजकूर भाषांतरित करणाऱ्याने ‘फाइन’च्या पुढचे नाम वाचल्याखेरीज लेखणी उचलू नये.

प्रश्न : ‘फाइन’ म्हणजे दंड, हा अर्थ याच शब्दाचा आहे की केवळ उच्चार सारखा असलेला तो वेगळा शब्द आहे? तसेच फायनल, रिफाइन, डिफाइन, फायनान्स हे शब्द त्याचे नातलग आहेत का?

उत्तर : शब्दकोश दंडाच्या ‘फाइन’ला स्वतंत्र नोंद देतात आणि ते योग्य आहे, कारण इंग्रजीत तो वेगळ्या वाटेने आला, परंतु दोघांचे मूळ एकच. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘फीनिस’चा अर्थ वादाचा शेवट, आणि पुढे तो वाद मिटवण्यासाठी दिलेली रक्कम, असा झाला. त्या रकमेवरून दंड हा अर्थ आला. म्हणजे दंडातील ‘फाइन’ हा तंटा संपवणारा आणि विशेषणातील ‘फाइन’ हा काम संपवणारा.

इंग्लंडच्या जमीनविषयक कायद्यात तर ‘फाइन’ नावाचा एक दस्तऐवजच होता. जमीन हस्तांतरित करताना दोन्ही पक्ष न्यायालयात लटका दावा उभा करीत आणि मग त्यात तडजोड झाल्याचे नोंदवून घेत. त्या अंतिम समझोत्याला ‘फाइन’ म्हणत. ११९५ पासून त्याची प्रत एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहिली जाऊ लागली, दोन प्रती पक्षकारांना आणि पत्राच्या तळाशी लिहिलेली तिसरी न्यायालयाच्या दप्तरी. म्हणूनच त्या दप्तरातील प्रतींना ‘फीट ऑफ फाइन्स’, म्हणजे फाइनांचे पाय, असे मजेदार नाव पडले. १८३३ च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली; इतिहासकारांना मात्र या ‘पायां’मुळे जमिनींच्या मालकीचा शतकानुशतकांचा माग मिळतो.

नातलगांविषयी आपला तर्क खरा आहे. ‘फायनल’ म्हणजे शेवटचे. ‘डिफाइन’ म्हणजे सीमा आखणे, म्हणूनच व्याख्या करणे. ‘कन्फाइन’ म्हणजे सीमेत कोंडणे. ‘फायनाइट’ म्हणजे सान्त. ‘रिफाइन’ हा शब्द तर आपल्या विशेषणावरूनच घडला. ‘फायनान्स’चे पूर्वज देणे फेडून व्यवहार मिटवण्याशी संबंधित होते. या कुटुंबातील एक दूरचा सदस्य सहजी ओळखू येणार नाही : पॅराफिन. लॅटिनमध्ये ज्याची सीमा दुसऱ्याच्या सीमेला लागून आहे तो ‘अफिनिस’, म्हणजे शेजारी आणि पुढे आप्त. हे मेण इतर पदार्थांशी फारसे संयोग पावत नाही, म्हणून जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फोन रायखेनबाख यांनी १८३० मध्ये त्याला ‘पारुम’, म्हणजे थोडे, आणि ‘अफिनिस’ यांवरून ‘अल्प आप्तभाव असलेले’ अशा अर्थाचे नाव दिले. माशाचा ‘फिन’, म्हणजे पर, मात्र या कुळातला नाही. तो जुना जर्मानिक शब्द आहे. आणि पाश्चात्त्य संगीताच्या लिपीत स्वरलेखनाखाली जो ‘फीने’ असा शब्द दिसतो, तो इटालियन आहे. तिथे वादकाने थांबायचे असते. त्याचे इंग्रजी स्पेलिंग आपल्या ‘फाइन’सारखेच असल्यामुळे नवशिके तो ‘फाइन’ असा वाचतात.

प्रश्न : क्रिकेटमधील ‘फाइन लेग’ या जागेत फाइन काय आहे?

उत्तर : कोन. खेळपट्टीची मध्यरेषा दोन्ही यष्ट्यांच्या मागे सरळ वाढवली, तर यष्टिरक्षकाच्या पाठीमागे त्या रेषेला जवळ असलेले क्षेत्र ‘फाइन’ आणि तिच्याशी काटकोन करणारे क्षेत्र ‘स्क्वेअर’. म्हणून कर्णधाराने क्षेत्ररक्षकाला ‘फायनर’ सरकायला सांगितले, की त्याने यष्ट्यांच्या मागच्या रेषेकडे यायचे असते. चेंडू बॅटची किंचित कड घेऊन फारसा न वळता मागे जातो, तेव्हा तो ‘फाइन’ जातो. बारीक कोन, असा हा साधा अर्थ आहे.

प्रश्न : ‘फाइन’चे क्रियाविशेषण ‘फाइनली’ असे होते ना? मग ‘द मशीन वर्क्स फाइन’ हे वाक्य बरोबर कसे?

उत्तर : ‘फाइन’ला दोन क्रियाविशेषणे आहेत आणि दोघांनी अर्थ वाटून घेतले आहेत. बारीक, नाजूक आणि कौशल्यपूर्ण या अर्थांसाठी ‘फाइनली’ : भाजी ‘फाइनली चॉप्ड’ असते, तुल्यबळ सामना ‘फाइनली बॅलन्स्ड’ असतो. ‘ठीक’ या अर्थासाठी मात्र रूप न बदलता ‘फाइन’च वापरतात, म्हणून यंत्र ‘वर्क्स फाइन’ आणि मूल शाळेत ‘इज डूइंग फाइन’. ‘वर्क्स फाइनली’ असे आज कोणी म्हणत नाही. देवनागरीत लिहिताना ‘फाइनली’ आणि ‘अखेर’ या अर्थाचा ‘फायनली’ हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात. दुसऱ्याच्या उच्चारात मधला ‘न’ मोकळा आणि स्वरयुक्त असतो, हा त्यांतील फरक कानाला लावून घ्यावा.

प्रश्न : इंग्रजी कथा वाचताना ‘अ फाइन मेस’, ‘यू आर अ फाइन वन टू टॉक’, ‘वन फाइन डे’, ‘कटिंग इट फाइन’, ‘नॉट टू पुट टू फाइन अ पॉइंट ऑन इट’ असे प्रयोग भेटतात. त्यांत उत्तम किंवा बारीक यांपैकी कोणता अर्थ धरावा?

उत्तर : पहिल्या दोहोंत ‘उत्तम’ हाच अर्थ आहे, पण उलटा धरलेला. ‘अ फाइन मेस’ म्हणजे ‘छान गोंधळ घालून ठेवलाय’, यातील ‘छान’सारखा. मराठीला हा उपरोध इतका अंगवळणी पडलेला आहे की भाषांतरात अडचण येऊ नये. ‘यू आर अ फाइन वन टू टॉक’ याला ‘मोठा आलास शिकवणारा!’ हा सूर हवा. बोलणाऱ्याच्या अंगी तोच दोष आहे, असा त्यात टोमणा असतो. एखादी गोष्ट ‘डाऊन टू अ फाइन आर्ट’ नेली, हा प्रयोगही बहुधा हसत केलेला असतो : काम टाळण्याची कुणी कला साधली, असे म्हणताना तो हमखास येतो.

‘वन फाइन डे’मध्ये हवेचा काही संबंध उरलेला नाही, ‘एके दिवशी’ एवढाच अर्थ. त्याचे ‘एका सुंदर दिवशी’ असे भाषांतर करून त्याच दिवशी कथानायकाची नोकरी गेल्याचे पुढच्याच वाक्यात सांगणारी पुस्तके बाजारात आहेत, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

‘कटिंग इट फाइन’मध्ये बारीक हा अर्थ आहे. वेळेची फट अगदी अरुंद ठेवणे, म्हणजेच गाडी सुटता सुटता स्थानकावर पोहोचणे. ‘अगदी काठावर’ हा मराठी प्रयोग तिथे बसतो. ‘अ फाइन लाइन’, म्हणजे दोन गोष्टींमधली पुसट सीमारेषा, आणि ‘द फायनर पॉइंट्स’, म्हणजे बारकावे, हेही त्याच घरातले. ‘गोइंग ओव्हर इट विथ अ फाइन टूथ कोम’ या प्रयोगातील ‘फाइन’ दातांना लागू आहे, कंगव्याला नाही : बारीक दातांचा कंगवा, ज्याला आपल्याकडे ‘फणी’ असा स्वतंत्र शब्दच आहे. जोडरेषा चुकीच्या जागी पडली, तर दात विंचरण्याचा उत्तम कंगवा असा अर्थ निघतो, आणि इंग्रजी लेखकही ती चुकीच्या जागी टाकतात. भाषांतरात ‘फणी’ आणण्याचे कारण नाही. ‘कसून तपासणे’ पुरे.

‘नॉट टू पुट टू फाइन अ पॉइंट ऑन इट’ यात टोक काढण्याची कल्पना आहे : बोलण्याला फार नाजूक टोक न काढता, म्हणजे शब्दांची कलाकुसर न करता बोलायचे तर. मराठीत ‘स्पष्टच सांगायचे तर’. मात्र एक ध्यानात ठेवावे की हा प्रयोग आल्यानंतर पुढे जे येते ते जवळजवळ नेहमीच कोणाला तरी बोचणारे असते. त्यामुळे स्तुतीच्या वाक्याआधी तो कुणी वापरलेला दिसला, तर लेखक उपरोध करीत आहे की त्याला प्रयोगच नीट कळलेला नाही, हे मागचापुढचा मजकूर पाहून ठरवावे.